गुणपत्रिकेवरचा एक आकडा आणि गणिताचे दोन भाग

दहावीचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेज रोडवर आणि गंगापूर रोडवर शिकवणी वर्गांचे नवे फलक चढतात, आणि त्याच सुमारास या सदराच्या टपालातही गणिताची पत्रे वाढतात. अकरावीला गणित घ्यावे की नाही, घ्यायचे तर कोणते, आणि न घेतल्यास पुढे काय अडेल, असे या पत्रांचे सर्वसाधारण स्वरूप असते. त्यांतली सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार आहोत. मुलीने मराठी माध्यमातून दहावी केली आणि तिला गणितात १०० पैकी ८८ गुण मिळाले. तिला विज्ञान शाखेला जायचे आहे, परंतु पुढचे निश्चित नाही. कधी कृषी पदवी म्हणते, कधी संगणक. तिचे शिक्षक म्हणतात की चारही विषय घ्यावेत, तर तिच्या मामांचे म्हणणे असे की गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एकच काय ते धरावे. ८८ गुण अकरावीच्या गणिताला पुरेसे आहेत का?

उत्तर : ८८ गुण निश्चितच चांगले आहेत, परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात सापडणार नाही. राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे ४० गुण भाग १ च्या, म्हणजे बीजगणिताच्या लेखी परीक्षेचे असतात, ४० गुण भाग २ च्या, म्हणजे भूमितीच्या लेखी परीक्षेचे असतात आणि उरलेले २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. अंतर्गत गुण देताना शिक्षकांचा हात सढळ असतो. मीही त्याला अपवाद नव्हतो. आपल्या मुलीला ते पूर्ण २० मिळाले असे धरले, तर लेखी परीक्षेत तिने ८० पैकी ६८ मिळवले. आता हे ६८ गुण बीजगणितात ३८ आणि भूमितीत ३० असे असू शकतात किंवा याच्या नेमके उलटेही असू शकतात. गुणपत्रिकेवर दोघींचाही आकडा ८८ असाच छापला जाईल, परंतु अकरावीच्या वर्गात या दोन मुलींचे अनुभव फार वेगळे असतील.

याचे कारण अकरावी विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. पहिल्या भागात कोनाचे मापन, त्रिकोणमितीची दोन प्रकरणे, निश्चयक व सारणी, सरळ रेषा, वर्तुळ आणि शंकुच्छेद अशी प्रकरणे आहेत. त्यांतला मोठा वाटा दहावीच्या भाग २ मधील त्रिकोणमिती आणि निर्देशक भूमिती या दोन प्रकरणांवर उभा आहे. दुसऱ्या भागात संमिश्र संख्या, श्रेढी, क्रमचय व संचय, फलन, सीमा, सातत्य आणि विकलन येते, आणि तेथे बीजगणितातला सराव कामी येतो. याउलट दहावीच्या बीजगणितातले अर्थनियोजन हे प्रकरण, ज्यात वस्तू व सेवा कर आणि शेअर्सची उदाहरणे असतात, संसारात अतिशय उपयोगी असले तरी विज्ञान शाखेच्या गणितात त्याचा धागा पुढे जात नाही. त्यामुळे गुण कोणत्या प्रकरणांतून आले हे पाहिल्याशिवाय पुढचा अंदाज बांधता येत नाही. बोर्डाची उत्तरपत्रिका हाताशी नसली तरी शाळेत झालेल्या सराव परीक्षेचे दोन्ही पेपर घरात कोठेतरी असतील. ते शोधून काढावेत.

ते न सापडल्यास एक साधी चाचणी घरीच घेता येईल. मुलीला वही देऊन पुढील तीन उदाहरणे, पुस्तक न उघडता आणि घड्याळ न लावता, सोडवायला सांगावीत. पहिले उदाहरण असे : क्षचा वर्ग, अधिक म वेळा क्ष, अधिक ९ बरोबर शून्य, या समीकरणाची दोन्ही मुळे समान असतील तर म ची किंमत किती? दुसरे : सेक थीटा अधिक टॅन थीटा याची किंमत, कॉस थीटाला १ वजा साइन थीटाने भागले असता येते तेवढीच असते, हे सिद्ध करावे. तिसरे : (१, २) आणि (३, ८) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढावा आणि (५, १४) हा बिंदू त्याच रेषेवर आहे का, ते कारणासह सांगावे.

उत्तर बरोबर आले की चूक, एवढेच पाहू नये. पहिल्या उदाहरणात अनेक हुशार मुले ६ लिहून थांबतात. उणे ६ हेही उत्तर आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. दहावीत या चुकीचा एखादा गुण जातो, अकरावीत मात्र अशा विसरलेल्या उत्तरामुळे पुढचे सगळे उदाहरण वाकडे होते. दुसऱ्यात ती दोन्ही बाजू एकदम धरून उलटसुलट करते, की एक बाजू घेऊन शांतपणे दुसरीपर्यंत पोहोचते, ते पाहावे. तिसऱ्यात चढ ३ येतो आणि बिंदू रेषेवर आहे. सूत्रात आकडे भरून चढ काढणे सर्वांना जमते. त्याच चढाचा उपयोग करून तिसऱ्या बिंदूविषयी बोलणे जिला सुचते, तिने अकरावीच्या सरळ रेषेच्या प्रकरणाला घाबरण्याचे कारण नाही. तीनांपैकी दोन ठिकाणी ती अडखळली तरी गणित सोडावे असे मी म्हणणार नाही. ती प्रकरणे कॉलेज सुरू होण्यापूर्वी पुन्हा करावीत, इतकाच त्याचा अर्थ.

आपल्या पत्रात मराठी माध्यमाचा उल्लेख ओझरता आला आहे, पण माझ्या मते खरा प्रश्न तेथे आहे. अकरावी विज्ञानाला शिकवणे आणि पुस्तके इंग्रजीत असतात. सेमी इंग्रजीतून आलेल्या मुलांना गणिताचे शब्द आधीच ओळखीचे असतात, तर मराठी माध्यमातल्या मुलीला आशय येत असूनही शब्दापाशी ठेच लागते. याचे माझे आवडते उदाहरण ‘टँजंट’ या शब्दाचे आहे. मराठी माध्यमातल्या मुलाने वर्तुळाची स्पर्शिका शिकलेली असते आणि त्रिकोणमितीतले टॅनही शिकलेले असते, परंतु या दोन्हींना इंग्रजीत एकच नाव आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वर्तुळाच्या प्रकरणात सर टँजंट म्हणाले की मुलगा वहीत त्रिकोणमिती शोधू लागतो. छेदिका आणि सेक यांचीही तीच गत आहे. श्रेढी म्हणजे प्रोग्रेशन, बहुपदी म्हणजे पॉलिनॉमियल, सहगुणक म्हणजे कोइफिशंट आणि विवेचक म्हणजे डिस्क्रिमिनंट, हे एकदा मनात बसले की पहिल्या दोन महिन्यांतला पुष्कळसा धसका नाहीसा होतो.

त्यासाठी महागडा क्रॅश कोर्स लावण्याची गरज नाही. बालभारतीची दहावीची गणिताची पुस्तके मराठी व इंग्रजी दोन्ही माध्यमांत ई-बालभारतीवर विनामूल्य मिळतात आणि त्यांतले सरावसंच क्रमांकासह जुळतात. मराठी पुस्तकातला सरावसंच २.३ हाच इंग्रजी पुस्तकातला प्रॅक्टिस सेट २.३ असतो. मुलीला जी उदाहरणे येतात, तीच तिने इंग्रजी पुस्तकातून वाचून पुन्हा सोडवावीत. गणित ओळखीचे आणि भाषा नवी, अशी मांडणी असली की भाषा लवकर शिकता येते. कॉलेजात दोन्ही गोष्टी एकदम नव्या असतात आणि मुले तेथेच बुजतात.

आता चार विषयांविषयी. कृषी पदवीसाठी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणताही विषय चालतो. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीचेही तसेच आहे. संगणक अभियांत्रिकीला आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. संगणकशास्त्राला मात्र गणित लागते. मुलीने कृषी आणि संगणक ही दोनच नावे घेतली आहेत आणि वैद्यकीयचा उल्लेख केलेला नाही. असे असता एकच विषय धरायचा झाल्यास तो गणित असावा, कारण त्याने तिचे दोन्ही विचार खुले राहतात. मामांचे म्हणणे तत्त्वतः मला पटते. तिला जीवशास्त्र मनापासून आवडत असेल तर चारही विषय घेण्यास हरकत नाही. मात्र ‘असू द्या, पुढे उपयोगी पडेल’ एवढ्याच कारणासाठी घेतलेला चौथा विषय बाकीच्या तिघांचा वेळ खातो.

वेळेचा हिशोब आपल्याकडे अधिकच महत्त्वाचा आहे, कारण ती रोज निफाडहून नाशिकला ये-जा करणार असेल तर दिवसाचे दोन-तीन तास बसमध्ये जातील. निफाड, पिंपळगाव बसवंत आणि ओझर येथेही विज्ञान शाखेची कनिष्ठ महाविद्यालये आहेत. शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात नाव घालून तिला रोज थकवण्यापेक्षा जवळचा वर्ग नियमित चालतो का, याची चौकशी आधी करावी. आणखी एक गोष्ट तिला आताच सांगावी. अकरावीची परीक्षा बोर्ड घेत नाही म्हणून ते वर्ष ढिलाईत काढण्याची पद्धत पडली आहे. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत पीसीएम, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या गटाचे २०० गुण असतात आणि त्यांतले १०० एकट्या गणिताचे, म्हणजे प्रत्येकी २ गुणांचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. त्यांतला सुमारे पाचवा हिस्सा अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, आणि उरलेल्या चार हिश्शांतही अकरावीची त्रिकोणमिती व फलने पावलोपावली लागतात.

प्रश्न : सर, मी नाशिक रोडला राहतो. दहावीला गणितात ७१ गुण मिळाले. सराव परीक्षेत बीजगणितात ४० पैकी ३३ होते आणि भूमितीत १९. मला कॉमर्स घेऊन सीए करायचे आहे. कॉमर्सला मॅथ्स किंवा एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती) यांपैकी एक घ्यावे लागते. माझे सगळे मित्र एस.पी. घेत आहेत, कारण त्यात गुण जास्त पडतात असे ते म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : तू सराव परीक्षेचे गुण भागवार लिहिलेस, त्यामुळे माझे काम सोपे झाले. तू मॅथ्स घ्यावेस असे मला वाटते, आणि त्याचे कारण तुझ्या या ३३ आणि १९ मध्येच आहे.

वाणिज्य शाखेचे गणित म्हणजे विज्ञानाच्या गणिताची सोपी आवृत्ती, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. पुस्तकच निराळे आहे. अकरावी वाणिज्यात त्रिकोणमिती नाही, वर्तुळ नाही आणि शंकुच्छेदही नाहीत. भूमितीच्या जवळचे म्हणता येईल असे बिंदुपथ व सरळ रेषा हे एकच प्रकरण आहे. बाकी संच, फलने, श्रेढी, निश्चयक, सीमा, सातत्य, विकलन आणि दुसऱ्या भागात विभाजन मूल्ये, अपस्करण, सहसंबंध, संभाव्यता, असमानता आणि व्यापारी गणित असा सारा बीजगणिताचा आणि सांख्यिकीचा मामला आहे. बारावीला सारणी व संकलनाबरोबर कमिशन, दलाली व सूट, विमा व वार्षिकी, निर्देशांक, कालश्रेणी आणि रेषीय प्रायोजन येते. भूमितीने तुला छळले असेल, पण येथे ती तुझ्या वाटेत जवळजवळ येतच नाही. तुझ्या ७१ गुणांकडे पाहून कोणी ‘तुझे गणित कच्चे आहे’ असे म्हणाला, तर तो बेरीज वाचतो आहे असे समजावे. विकलन आणि संकलन मात्र तुला नवे असेल आणि पहिल्या काही आठवड्यांत ते परके वाटेल. तेवढी तयारी ठेव.

दुसरे कारण सीएचे. सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी तिसरा पेपर परिमाणात्मक अभियोग्यतेचा असतो. त्याच्या १०० गुणांत व्यावसायिक गणिताला ४०, तर्कक्षमतेला २० आणि सांख्यिकीला ४० गुण असतात, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरमध्ये किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात, त्यामुळे अकाउंट्समध्ये भरपूर गुण मिळवून हा पेपर झाकता येत नाही. बारावीला गणित नसले तरी फाउंडेशनला बसता येते, आणि एस.पी. घेऊन सीए झालेली मुले माझ्या पाहण्यात आहेत. परंतु त्यांना क्रमचय, संभाव्यता, सहसंबंध आणि निर्देशांक हे सारे बारावीनंतरच्या थोड्या महिन्यांत, शिकवणीत, घाईघाईने शिकावे लागले. तू तेच कॉलेजात दोन वर्षे सावकाश शिकशील.

एस.पी. हा कमी दर्जाचा विषय आहे, असे मात्र मनात आणू नकोस. कंपनीला भांडवल कोठून मिळते, शेअर्स व कर्जरोखे कसे काढले जातात, लाभांश आणि व्याजाची पत्रे भागधारकांना व कर्जरोखेधारकांना कशी लिहावीत, शेअर बाजार कसा चालतो, हे त्यात व्यवस्थित शिकवले जाते. ज्याला बीजगणितच जमत नाही त्याला मी तोच विषय सुचवला असता. तुझ्याबाबतीत मित्रांच्या गुणांच्या हिशोबापलीकडे तो घेण्याचे कारण दिसत नाही.

अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना शाखा आणि कॉलेज निवडावे लागते, विषय मात्र प्रवेश निश्चित करताना कॉलेजात ठरतात. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी त्या कॉलेजात वाणिज्य शाखेला गणिताची तुकडी आहे का, आणि असल्यास तिचा वर्ग खरोखर भरतो का, हे स्वतः जाऊन विचारून ये.

प्रश्न : मी इंदिरानगरमध्ये राहणारी गृहिणी आहे. मुलगा सीबीएसई शाळेत दहावीत गेला आहे. शाळेने गणिताचे स्टँडर्ड किंवा बेसिक यांपैकी एक निवडून लेखी द्यायला सांगितले आहे. नववीत त्याला ५८ गुण होते. तो बेसिक म्हणतो, त्याचे बाबा स्टँडर्डवर अडून बसले आहेत, आणि घरात रोज वाद होतात.

उत्तर : प्रथम एक गैरसमज दूर करू या. सीबीएसईने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून ही दोन पातळ्यांची सोय केली, परंतु अभ्यासक्रम दोन्हींचा एकच आहे आणि वर्गात शिकवणेही एकत्रच होते. फरक आहे तो वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत; बेसिकची प्रश्नपत्रिका सोपी असते. त्यामुळे बेसिक घेतल्याने वर्षभराचा अभ्यास हलका होईल, अशी मुलाची कल्पना असेल तर ती टिकणारी नाही. परीक्षेच्या दिवसाची भीती कमी होते, आणि काही मुलांच्या बाबतीत ही गोष्टही लहान नसते.

खरा प्रश्न अकरावीचा आहे. तेथे सीबीएसईत गणिताचे पुन्हा दोन विषय आहेत. एक नेहमीचे गणित, जे अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्राकडे जाणाऱ्याने घ्यायचे, आणि दुसरे उपयोजित गणित, ज्यात आर्थिक गणित व सांख्यिकीवर भर असतो आणि जे वाणिज्य, व्यवस्थापन अशा दिशेच्या मुलांसाठी योजले आहे. मूळ योजनेप्रमाणे नेहमीच्या गणितासाठी दहावीला स्टँडर्ड लागते. बेसिक घेतलेल्याला उपयोजित गणित घेता येते. मधल्या काही वर्षांत मंडळाने या अटीत सवलत दिली, परंतु सवलत वर्षावर्षाला जाहीर होत असल्याने तिच्या भरवशावर निर्णय घेऊ नये. दहावीला बेसिक उत्तीर्ण झालेल्या मुलाला नंतर पुरवणी परीक्षेत स्टँडर्डचा पेपर देण्याचीही तरतूद योजनेत ठेवलेली आहे. म्हणजे दार पूर्ण बंद होत नाही, पण पुन्हा ठोठवावे लागते.

आपल्या राज्य मंडळानेही नववी-दहावीला सामान्य गणित हा पर्याय काही वर्षे ठेवला होता आणि पुढे तो बंद केला. तो घेणाऱ्यांत खरोखर अडचणीत असलेली मुले होती, तशी नुसती कंटाळलेलीही होती, आणि या दुसऱ्या मुलांना अकरावीला विज्ञानाचे गणित घेता येत नाही हे कळले तेव्हा फार उशीर झालेला असे. म्हणून मी मुलाला एकच विचारले असते : नववीच्या ५८ मध्ये न समजल्याने गेलेले गुण किती आणि न केल्याने गेलेले किती? त्याच्या नववीच्या उत्तरपत्रिका समोर ठेवून, बाबांना त्या वेळी बाहेर पाठवून, हे त्याच्याकडून काढून घ्यावे. कोरी सोडलेली उदाहरणे जास्त असतील आणि आता त्यांतली बरीचशी तो करू शकत असेल, तर स्टँडर्ड घ्यावे. प्रयत्न केलेला आहे, पाने भरलेली आहेत आणि तरी पायऱ्यांमागून पायऱ्या चुकलेल्या आहेत, शिवाय त्याला अभियांत्रिकीची ओढही नाही, असे दिसले तर बेसिक घेण्यात कसलाही कमीपणा नाही. दहावीनंतर त्याला राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात घालण्याचा विचार असेल, तर बेसिक घेतलेल्याला तेथे गणित मिळेल का, हे त्या महाविद्यालयाकडून आधी लेखी विचारून घ्यावे.

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. मुलाला गणितात ५२ गुण आहेत. त्याला यंत्रांची आवड आहे. अकरावी सायन्सचे गणित त्याला झेपणार नाही, म्हणून डिप्लोमाला घालावे असे वाटते. डिप्लोमाला गणित कमी असते ना?

उत्तर : डिप्लोमा हा आपल्या मुलासाठी चांगला मार्ग असू शकेल, परंतु गणित टाळण्यासाठी म्हणून नव्हे. तंत्रनिकेतनाच्या पहिल्याच सत्रात मूलभूत गणित असते आणि त्यात लॉगॅरिदम, निश्चयक व सारणी, त्रिकोणमिती, सरळ रेषा आणि विकलन येते. दुसऱ्या सत्रात उपयोजित गणित म्हणून संकलन व विकलक समीकरणे येतात. अकरावी-बारावीचे जे भाग अभियंत्याला लागतात, ते येथे एका वर्षात उरकले जातात. पहिल्या वर्षी मुले अनुत्तीर्ण होतात ती बहुधा याच विषयात, हे मी शिकवण्या घेताना पुष्कळदा पाहिले.

तरीही ज्याला यंत्राची आवड आहे, त्याला हेच गणित कार्यशाळेच्या शेजारी बसून शिकताना अर्थपूर्ण वाटते. लेथवर तिरका कापा घेताना कोन काढण्यासाठी टॅन लागतो, हे आपण स्वतः त्याला दाखवू शकाल. ती शिकवणी कॉलेजात मिळत नाही. दहावीनंतरच्या डिप्लोमाला प्रवेश परीक्षा नसते, प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, आणि सामनगाव रस्त्यावरच्या शासकीय तंत्रनिकेतनात यांत्रिकी शाखेसाठी चढाओढ मोठी असते. तीन वर्षांनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. मात्र तेथे पहिल्या वर्षाचे अभियांत्रिकी गणित वर्गात न शिकताच पुढच्या गणिताला तोंड द्यावे लागते, त्यामुळे डिप्लोमाची गणिताची वही जपून ठेवायला सांगावे. ५२ गुणांची धास्ती आपण घेतली आहे तेवढी मी घेणार नाही; प्रवेश होईपर्यंतच्या आठवड्यांत दहावीची त्रिकोणमिती आणि वर्गसमीकरणे पक्की करून घ्यावीत. त्याच्या हातांना काम अधिक आवडत असेल आणि पुस्तक नकोसेच वाटत असेल, तर सातपूरचीच आयटीआय आपल्याला घरापासून दूर नाही.

प्रश्न : मी बारा बंगला भागात राहणारी विद्यार्थिनी आहे. मला एनडीएमध्ये जायचे आहे. मला इतिहास आवडतो, म्हणून कला शाखा घ्यावी असे वाटते. गणित सोडले तर चालेल का?

उत्तर : कला शाखा घेतलीस तर चालेल, गणित सोडलेस तर चालणार नाही. एनडीएच्या लष्करी विभागासाठी कोणत्याही शाखेतून बारावी चालते. हवाई दल व नौदल यांसाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. आणि विभाग कोणताही असो, लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो. सामान्य क्षमतेच्या पेपरला ६०० गुण असतात. गणिताच्या पेपरात अकरावी-बारावीचीच त्रिकोणमिती, सारणी, विकलन व संकलन विचारले जाते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. म्हणून इतिहास घे आणि त्यासोबत गणित हाही विषय घे. कला शाखेत तो घेता येतो. मात्र सर्वच कॉलेजांत कला शाखेच्या मुलांसाठी गणिताची सोय नसते, तेव्हा आधी तेवढी चौकशी कर. हवाई दल मनात असेल तर विज्ञान शाखेला पर्याय नाही, इतिहास घरी वाचता येतो. मुलींसाठी शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थाही नाशिकमध्ये २०२३ पासून आहे. तिच्या प्रवेशाची माहिती दहावीच्या वर्षातच काढलेली बरी असते.

प्रश्न : मुलीने अकरावीला गणित सोडून जीवशास्त्राचा गट घेतला. आता ती बारावीत आहे आणि संगणक अभियांत्रिकी म्हणते आहे. काही उपाय आहे का?

उत्तर : उपाय आहे, पण तो एका वर्षाचा आहे. बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर मंडळाच्या परीक्षेला तुरळक विषय घेऊन बसता येते, म्हणजे केवळ गणित हा विषय घेऊन परीक्षा देता येते. त्यानंतर पीसीएम गटाची सीईटी द्यावी लागेल. सध्या तिने हातातली बारावी बिघडवू नये आणि गणिताचा विचार मार्चपर्यंत बाजूला ठेवावा. परीक्षा संपली की अकरावीच्या पुस्तकापासून आरंभ करावा, बारावीच्या नव्हे. विकलन न शिकता थेट संकलनाला हात घालणाऱ्या मुलांची धांदल मी पाहिली आहे. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत अकरावीचे दोन्ही भाग स्वतःच्या हाताने सोडवून झाले, तर तिने ते वर्ष द्यावे. जूनअखेर पहिला भागही पुरा झालेला नसेल, तर संगणकाची ही इच्छा कितपत खरी आहे, हे तिलाच विचारावे.